एका चिठ्ठीवर दोघी

म्हातारीने आधार कार्ड माझ्या हातात दिलं, पण बघत होती ती माझ्या पोटाकडे. पाळधी नुकतंच मागे पडलं होतं. जळगाव-धुळे गाडी गच्च भरलेली. बायकांना अर्धं तिकीट झाल्यापासून ती रिकामी अशी कधी नसतेच. मी दाराजवळच्या दांड्याला कंबर टेकवून मशीनवर बोटं चालवत होते. कार्डावर जन्मसाल १९४६. पंचाहत्तरीच्या पुढे तिकीट माफ. शून्याचं तिकीट फाडून तिला दिलं, कार्ड परत केलं आणि पुढच्या बाकाकडे वळणार तोच तिने माझ्या खाकी कुर्त्याची कड धरली. ‘बई, तू आठे बस,’ ती म्हणाली आणि खरंच गुडघ्यावर हात देऊन उठायला लागली. ‘तू दोन जीवनी शे. मी ऱ्हास उभी.’ आजूबाजूच्या चार बायका हसल्या, मीही हसले. म्हटलं, आजी, डेपोच्या कॅन्टीनची भजी आहेत ती, पोट सुटलंय. म्हातारी हसली नाही. ‘मी पन्नास वरीस सुईनपन कयं,’ ती म्हणाली. ‘पोट सुटनं येगयं आन पोट ऱ्हायनं येगयं. माले शिकाडू नको.’ मग ती खिडकीबाहेर बघत बसली आणि एरंडोलला उतरून निघून गेली.

वय ओळखणं हा खरं तर माझा धंदा. सोळा वर्षं कंडक्टरकी केली त्यात निम्मी वर्षं लोकांची वयं तपासण्यात गेली. पासष्टच्या पुढे अर्धं, पंचाहत्तरच्या पुढे माफ, पाचच्या आत माफ, बाराच्या आत अर्धं. लग्न जुळवताना वय चोरणारी माणसं एसटीत चढली की वय वाढवून सांगतात, आणि सात वर्षांची पोरं आईच्या मांडीवर बसून अचानक चार वर्षांची होतात. माझ्या डोळ्यांत कुणी धूळ फेकत नाही, असं सुकलाल ड्रायव्हर सगळ्यांना सांगत असतो. कार्ड न बघता मानेच्या सुरकुतीवरून मी सांगते, बाबा, तुम्हाला अजून दोन वर्षं आहेत, आणि ते निघतंही तसंच. आणि मी रत्ना हेमराज पाटील, वय बेचाळीस, बिल्ला छातीवर, पोळ्यापासून चार पाळ्या चुकलेल्या, मी स्वतःचं कार्ड काही बघितलं नव्हतं. आमच्या घरात वय हे सगळ्याचं उत्तर आहे. हेमराज चष्मा विसरला, वय झालं. माझी कंबर धरली, वय झालं. आईला चक्कर आली, वयच ना. पाळी थांबली तेव्हा मी नूतनला, माझ्या मुलीला, हेच सांगितलं, आणि खोटं कशाला बोलू, मला सुटल्यासारखं वाटलं होतं. ड्युटीवर असताना कुठल्याही स्टँडवरच्या बायकांच्या मुतारीत जाऊन बघावं म्हणजे का ते कळेल. एकदा ‘वय’ म्हटलं की पुढचा प्रश्न विचारावा लागत नाही. तेवढ्यासाठीच तो शब्द आम्ही घरात ठेवला असावा.

एरंडोल सुटलं. पारोळ्यापर्यंत रस्ता सरळ आहे, दोन्ही बाजूंना वेचून झालेली कपाशी, तिच्यावर इकडे तिकडे राहिलेला कापूस. मी माझ्या जागेवर बसले. सहसा मी बसत नाही, माणसं उभी असताना कंडक्टरने बसू नये असं मला वाटतं, पण बसले. आणि बेंबीच्या खाली डावीकडे काहीतरी हललं. पंधरा दिवस हलत होतं ते. मी त्याला गॅस म्हणत होते, ओवा खात होते. आता ओव्याचं नाव काढवेना. एकवीस वर्षांपूर्वी नूतन पोटात होती तेव्हा पहिल्यांदा असंच झालं होतं, असोद्याला सासरी, चुलीपुढे भरताची वांगी भाजताना, आणि मी सासूबाईंना म्हटलं होतं की पोटात काहीतरी फिरतंय, आणि त्यांनी हातातलं वांगं तसंच ठेवून माझ्या कपाळाला हात लावला होता. तो स्पर्श मला आठवला. राखेचा होता. अंगावर काटा आला, आणि त्या काट्याच्या मागोमाग दुसरी आठवण आली. ती मात्र आठवायला नको होती.

दोन वर्षांपूर्वीची. ड्युटीवर डोळ्यांपुढे अंधारी आली म्हणून हेमराजने मला डेपोजवळच्या डॉक्टरांकडे नेलं. बीपी वाढलेलं. डॉक्टर सावकाश बोलणारे होते, लिहिता लिहिता थांबले आणि विचारलं, अजून मूल होण्याची काही शक्यता? ही गोळी गरोदरपणात चालत नाही, म्हणून विचारतो. आणि मी हसले. नुसती हसले नाही, हेमराजच्या खांद्यावर चापट मारून हसले. म्हटलं, डॉक्टर, मुलीला स्थळं बघतोय आम्ही. तेही हसले, बरं म्हणाले, तसं काही वाटलं तर आधी मला येऊन सांगा, आणि दर तीन महिन्यांनी दाखवायला या. दोनदा गेले. मग जायची गरज वाटेना, कारण गोळी लागू पडली होती आणि मेडिकलवाला चिठ्ठी बघून देत होता. चिठ्ठी घडीवर फाटायला लागली तेव्हा पाससारखी ती मी लॅमिनेट करून आणली. मला त्याचा अभिमानही वाटला होता. डेपोतल्या दोघीतिघींना ती मी दाखवली होती.

आणि त्या चिठ्ठीवर मी एकटी नव्हते. आई सोनगीरला राहते, किल्ल्याच्या बाजूला, वडील गेल्यापासून एकटी. वय चौऱ्याहत्तर, वजन चाळिसाच्या आत. दीड वर्षापूर्वी गावात तपासणी शिबिर झालं, त्यात तिचं बीपी जास्त निघालं, धुळ्याला डॉक्टरला दाखवा म्हणाले. मी म्हटलं, वेगळं कशाला दाखवायचं? रोग तोच, गोळी तीच, आणि आईचंच तर रक्त माझ्यात आहे. दर महिन्याला दुप्पट गोळ्या घ्यायच्या, कात्रीने पाकिटं मधून कापायची, अर्धी माझ्या डब्यात, अर्धी कागदात बांधून धुळ्याला. तिथे शिरपूर गाडीवर समाधान नावाचा कंडक्टर आहे, ओळखीचा, तो सोनगीरच्या स्टँडवर चहावाल्याकडे पुडी टाकतो, आई जाऊन घेते. गुडघे दुखतात म्हणून मी पुडीत वेदनेच्या गोळ्याही घालायचे, ज्या मी स्वतः कमरेसाठी घेत होते, सुकलालने सुचवलेल्या. आमच्याकडे ही रीतच आहे. ज्याला जी गोळी लागू पडते तो ती दुसऱ्याला कापून देतो, आणि न देणारा माणूस हाताचा आखडता समजला जातो.

धुळ्याला पोचलो तेव्हा ऊन चढलं होतं. थंडीतलंही धुळ्याचं ऊन डोक्याला लागतं. परतीच्या गाडीला चाळीस मिनिटं होती. मी स्टँडबाहेरच्या मेडिकलवर गेले आणि तपासणीची पट्टी मागितली. तिथल्या माणसाने माझ्याकडे बघून सुनेसाठी का मुलीसाठी असं विचारलं. मी म्हटलं, माझ्यासाठी. हे म्हणताना माझा आवाज मोठा निघाला. मला लाज वाटायला हवी होती, पण आला होता राग, आणि तो त्या माणसावर नव्हता. महिला कर्मचाऱ्यांच्या विश्रांतीगृहात जाऊन कडी लावली. दोन रेघा. दुसरी तर पहिलीच्या आधी उमटली. मी पट्टी धुतली, पुसली, तिकिटांच्या कोऱ्या कागदात गुंडाळून बॅगेत ठेवली, बाहेर आले, आणि समोर समाधान उभा. ताई, आईची पुडी? मी बॅगेतून पुडी काढली आणि त्याला दिली. हे मी मुद्दाम सांगते. त्या क्षणी माझं सगळं लक्ष माझ्या पोटात होतं, आणि हाताला जे सवयीचं होतं ते त्याने केलं. माणूस एका वेळी एकाच जिवाची काळजी करू शकतो की काय, कोण जाणे.

परतीच्या वाटेवर मी कुणाशी फारसं बोलले नाही. सुकलालने आरशातून दोनदा बघितलं. सुटे नाहीत म्हणून एक माणूस भांडला, मी त्याच्याशी भांडले नाही, तेव्हा सुकलाल घाबरला आणि पारोळ्याला त्याने स्वतःहून चहा आणून दिला. मी मनात एकच गोष्ट घोळवत होते. आज सकाळचीही गोळी घेतली आहे. कालचीही. परवाचीही. पोळ्यापासून धरलं तर किती झाल्या ते मोजायला लागले आणि शंभराच्या पुढे मन थांबलं. प्रत्येक गोळी मी पाण्याबरोबर घेतली होती, देवापुढे उभी राहून, कारण ती देवाच्या फळीवरच ठेवलेली असते आणि म्हणून चुकत नाही. इतक्या शिस्तीने मी आयुष्यात दुसरं काही केलं नसेल. जळगाव यायच्या आत मी दोन गोष्टी ठरवल्या. पहिली, मला हे मूल हवं आहे. ते हवं आहे हे मला एरंडोलच्या पुढेच कळलं होतं, पण मनाला सांगितलं ते गिरणेच्या पुलावर. दुसरी, मी कुठल्याही डॉक्टरपुढे काहीही लपवणार नाही, मग ते मला काय वाटेल ते म्हणोत.

हेमराज डाळ मिलमध्ये मशीनवर आहे. संध्याकाळी येतो तेव्हा त्याच्या भुवयांवरसुद्धा डाळीची भुकटी असते. त्याला सांगितलं तेव्हा तो आधी हसला, मग खाली बसला, मग उठून तोंड धुऊन आला आणि पुन्हा बसला. चांगला माणूस आहे, वाईट बोलणार नाही. पण त्याच्या डोळ्यांपुढे काय उभं राहिलं ते मला दिसत होतं. वरणगावचं स्थळ, फॅक्टरीतला मुलगा, पुढच्या महिन्यात बघायला यायचे होते, आणि मुलीची आई पोटुशी. त्याने हळूच सुचवलं की आधी डॉक्टरला विचारू, अजून काही करता येतं का. मी म्हटलं, विचारायचं ते मी विचारीन. मग मी त्याला गोळ्यांचं सांगितलं. तो म्हणाला, तिथे गेल्यावर आईला देत होतीस ते, सुकलालच्या गोळ्यांचं, हे सगळं कशाला काढायचं, आपल्याला काय पोलिसात जबाब द्यायचाय? हे तो माझ्या अब्रूसाठी म्हणत होता. मला त्याचं वाईट वाटलं, आणि मी उठून देवाच्या फळीवरून डबा काढला.

डबा स्टीलचा, झाकणावर माझ्या लग्नातलं नाव. त्यातलं सगळं मी सतरंजीवर ओतलं. आम्ही तिघं बघत बसलो, नूतनही अभ्यास टाकून आली होती. पन्नासेक तुकडे होते. कशाचं नाव कापलं गेलेलं, कशाची तारीख. एकावर नुसती शेवटची तीन अक्षरं, एकावर काहीच नाही, पाठीमागे चांदी. कुठली माझी, कुठली असोद्याहून सासरच्यांनी पाठवलेली, कुठली सुकलालची, मला सांगता येईना. कापणारी मी. मी सरळ कापायचे, रेघ धरून, आणि रेघ नेमकी नावावरून जायची. नूतनने एकेक तुकडा उचलून रंगाप्रमाणे लावायचा प्रयत्न केला, मग सोडून दिला. ती रागावली असेल असं मला वाटत होतं, लाजली असेल, तिच्या वयाला आईचं पोट दिसणं म्हणजे काय ते मला कळतं. ती एवढंच म्हणाली की मम्मी, वरणगावचं मी बघते, तू हे बघ. दुसऱ्या दिवशी तिने त्या मुलाच्या बहिणीला स्वतः फोन करून सांगून टाकलं. तिकडून अजून उत्तर आलेलं नाही. नूतन म्हणते, उत्तर नाही हेही उत्तरच.

डॉक्टर सुलक्षणाबाईंचा दवाखाना रिंग रोडला आहे. बाहेर बाकावर सगळ्या पोरी, विशी-बाविशीच्या, सोबत आया. एक आई माझ्याशी बोलायला लागली, तुमची मुलगी आत आहे का म्हणून. मी नाही म्हटलं आणि पोटावर हात ठेवला. तिने चेहरा बदलला नाही, सरकून मला जागा दिली. आत गेल्यावर मी आधी लॅमिनेट केलेली चिठ्ठी टेबलावर ठेवली, मग डबा उघडून ठेवला, आणि मग बोलायला लागले. हेमराज शेजारी मान खाली घालून बसला होता. मी सगळं सांगितलं. ती गोळी, किती, कधीपासून. वेदनेच्या गोळ्या, आठवड्यातून तीन-चार, लांबची ड्युटी असेल तेव्हा रोज. आईला पाठवते ते. आईचं वय, आईचं वजन, पोळ्याच्या आदल्या दिवशी आई मोरीत पडली आणि मनगट मोडलं ते, आणि ती उठून उभी राहिली की तिला गरगरतं ते. सांगता सांगताच मला ते दिसलं. आईच्या पडण्याचं मी कधी कुणाला एका दमात सांगितलंच नव्हतं. पुडी आणि चक्कर या दोन गोष्टी माझ्या डोक्यात दोन वेगवेगळ्या गावांना राहत होत्या. तिच्या पडण्याचा दोष आम्ही आधी शेवाळाला दिला होता, मग सपातांना, आणि मग नेहमीप्रमाणे वयाला.

डॉक्टरबाईंनी चिठ्ठी हातात घेऊन उजेडाकडे धरली. ‘ही लॅमिनेट का केलीत?’

‘फाटत होती.’

‘फाटायलाच हवी होती,’ त्या म्हणाल्या. ‘चिठ्ठी त्या दिवसापुरती असते. त्या दिवशी तुम्ही जशा होता, तेवढ्यासाठी.’

रागावून नाही म्हणाल्या. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. मग त्यांनी सोनोग्राफी केली. भिंतीवर तो बोर्ड असतो, मुलगा की मुलगी सांगितलं जाणार नाही. मी त्या बोर्डाकडे बघत होते आणि मनात म्हणत होते, ते नका सांगू, बाकी सगळं सांगा. वीस आठवडे. ठोके चांगले. बाईंचा हात एका जागी थांबला, मागे आला, पुन्हा तिथेच थांबला. मग त्यांनी पडदा माझ्याकडे वळवून समजावलं. पोटातलं बाळ पाण्यात असतं. या महिन्यात ते पाणी बहुतेक बाळाच्या लघवीचंच असतं, बाळाची मूत्रपिंडं ते तयार करतात. ही बीपीची गोळी त्या मूत्रपिंडांना मंद करते, वेदनेच्या गोळ्याही तेच करतात. तुमच्या बाळाभोवती पाणी कमी आहे. मी विचारलं, किती कमी. म्हणाल्या, काळजी करण्याइतकं, पण हात टेकण्याइतकं नाही. गोळी आज बंद. बीपी तर सांभाळायलाच हवं, नाहीतर तुम्हालाही धोका आणि बाळालाही, म्हणून गरोदरपणात चालणारी दुसरी देते. वेदनेची एकही नाही. दोन आठवड्यांनी पुन्हा बघू, बऱ्याचदा पाणी परत भरतं. बऱ्याचदा म्हणजे नेहमी नाही, हेही त्यांनी सांगितलं. हेमराजने घसा खाकरून ते दुसरं विचारलं. त्या म्हणाल्या, कायद्याने अजून वेळ आहे, वय, धोका, सगळं विचारात घेता येईल, पण निर्णय यांचा. आणि माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, दोन आठवड्यांनी येते. दोन आठवड्यांनी काहीही दिसलं तरी येते. हेमराजने माझ्याकडे पाहिलं, आणि त्याने पुन्हा तो विषय काढला नाही. त्या दिवसापासून तो माझ्या पाण्याच्या बाटलीवर लक्ष ठेवून असतो, तिचा पोटातल्या पाण्याशी तेवढा संबंध नसतो असं बाईंनी सांगूनसुद्धा.

निघताना बाईंनी डबा माझ्याकडे दिला नाही. आणि आईचं विचारलं. म्हणाल्या, म्हातारपणी औषध अंगातून लवकर बाहेर पडत नाही, मूत्रपिंडं थकलेली असतात. तुमच्या अडुसष्ट किलोला जी मात्रा बरोबर ती त्यांच्या चाळीस किलोला जास्त, त्यावर वेदनेच्या गोळ्या. आजची देऊ नका, उद्या घेऊन या, मी आमच्या सरांना बघायला सांगते. दवाखान्याच्या पायरीवरूनच मी सोनगीरला शेजारी फोन लावला. आई फोनवर आली, आवाज चांगला होता. म्हणाली, पुडी मिळाली, सकाळचीच घेतली, तू चिंता करू नको. मी म्हटलं, उद्या मी येते, तोवर घेऊ नको. का, असं तिने विचारलं नाही. ती मला कधीच का विचारत नाही. मी सरकारी नोकरीवाली मुलगी आहे तिची, मला सगळं कळतं असं ती समजते.

दुसऱ्या दिवशी रजा टाकून तिला आणलं. बसलेली असताना बीपी मोजलं, मग उभं करून मोजलं. उभी राहिली तशी आईने टेबल धरलं आणि सरांनी आकडा वाचला तो मी इथे सांगत नाही, पण नर्सने धावत जाऊन खुर्ची आणली. रक्त तपासलं, त्यात मूत्रपिंडाचं थोडं वाढलेलं निघालं. गोळी बदलली, अगदी लहान दिली, रात्री अंथरुणात बसून घ्यायची, उठताना आधी बसायचं, मग उभं राहायचं. सगळं सरांनी आईला नीट सांगितलं, फक्त एक गोष्ट सांगितली नाही. ती सांगायची माझी होती, आणि मी ती सांगितली नाही. आई दोन आठवडे आमच्याकडे राहिली. चक्कर थांबली. गच्चीवर जाऊन उन्हात बसायला लागली, लसूण सोलायला लागली, नूतनला भाकरी थापायला शिकवायला लागली, मनगट अजून वळत नव्हतं तरी. माझं पोट तिने पहिल्याच दिवशी ओळखलं होतं आणि एका शब्दाने टोमणा मारला नव्हता. शेजारणी आल्या की ती सांगायची, मनी रत्नाना गोयासवर मी वाचनू, नही ते कवयच गयतू. माझ्या मुलीच्या गोळ्यांवर मी जगले. मी आत ओट्यापाशी उभी असायचे आणि ते ऐकायचे. हेमराज म्हणायचा, झालं ते झालं, हात जुळला, तिला कशाला दुखवतेस. डॉक्टरपुढे मी डबा ओतला होता, तिथे माझं काय जाणार होतं? तिथे मी पेशंट होते. इथे मी मुलगी होते, आणि ती मुलगी सगळ्या गल्लीत नावाजली जात होती. दोन आठवडे मी ते नाव फुकटात खाल्लं.

दुसऱ्या सोनोग्राफीला पाणी वाढलेलं होतं. पुरेसं नाही, काठावर, पण वाढलेलं. बाईंनी पडद्यावर दाखवलं, काळी पोकळी पहिल्यापेक्षा रुंद, आणि तिच्यात एक पाय, तो हलला. हेमराज पडद्याजवळ सरकला. बाई म्हणाल्या, चांगलं आहे, पण मी तुम्हाला खोटा धीर देणार नाही. बाळाच्या मूत्रपिंडांचं खरं काय ते जन्मल्यावरच कळेल, काही तर त्याच्याही नंतर. तोवर दर दोन आठवड्यांनी या. मी म्हटलं, येते. टेबलावरून उतरताना मला कळलं की मी आता कशालाही घाबरत नाही, फक्त एका गोष्टीला घाबरते, आणि ती सोनगीरला जायच्या गाडीत माझ्या शेजारी बसणार आहे.

आईला पोचवायला मीच गेले. साध्या साडीत, प्रवासी म्हणून, तिकीट काढून. धुळ्याला गाडी बदलली. सोनगीरला उतरून घरापर्यंत चढ आहे, ती थांबत थांबत चढली, पण एकदाही भिंत धरली नाही. घर उघडलं, तिने मोरीत बादली भरून ठेवली, मला पाट दिला. ओसरीवर बसलो. मी चहा नको म्हटलं, कारण चहा झाला असता तर मी बोलले नसते. आणि मी तिला सगळं सांगितलं. आमच्या भाषेत, जसं लहानपणी काही फोडलं की सांगायचे तसं, मधे न थांबता. चिठ्ठी माझ्या नावाची होती. तुला डॉक्टरने तपासलं नव्हतं. मी कापून पाठवत होते. त्या गोळीने तुझं बीपी इतकं खाली जात होतं की उभी राहिलीस की पडणारच. ‘मोरीमा तू शेवायवर नही पडनी, माय,’ मी म्हटलं. ‘मनी गोयीवर पडनी. तुना हात मी मोडा.’

आई आपल्या मनगटाकडे बघत राहिली. ते तिने एकदा उताणं केलं, एकदा पालथं. कुंपणापलीकडे कुणीतरी तांब्याचं भांडं ठोकत होतं, एका लयीत. मी ऐकायला तयार होते, काय वाटेल ते. ती रडली असती तरी चाललं असतं. ती मला माफ करेल अशी मला आशा होती हे मी आता कबूल करते, कारण तिने ते केलं नाही.

‘माले चक्कर यायनी तव्हय मी तुले सांगं व्हतं,’ ती म्हणाली. ‘तू सांगं, वय व्हयनं.’

‘हाव.’

‘मना हात मनापाशी शे. मी तुले बोलसू. रोज बोलसू, मनं मन भरी तधलोंग.’ मन भरेपर्यंत रोज बोलेन म्हणाली, पण आवाज चढला नव्हता. मग तिने पहिल्यांदाच माझ्या पोटाकडे सरळ बघितलं. ‘आन हाई? हाई कोनले बोली? येले त कोनी सांगनार बी नही.’

मी पदर पोटावर ओढून घेतला.

‘उद्या हाई दुखनाईत निंघनं, आन लोके सांगतीन, देवनी मरजी, म्हातारपनना पोर. तू गप बसशी का सांगशी येले?’

मला हेमराज आठवला, नूतन आठवली, पाच वर्षांचं, दहा वर्षांचं एक मूल दिसलं, ज्याचा चेहरा मला अजून दिसत नव्हता, आणि हे कळल्यावर माझ्याकडे बघताना त्या चेहऱ्यावर काय येईल ते दिसलं. पोटात ते हललं, नेहमीच्या जागी. मी ओसरीच्या खांबाला हात न लावता उठून उभी राहिले.

‘सांगसू,’ मी म्हटलं. ‘मनाच तोंडनी सांगसू.’

‘मंग माले बी येकदाव सांग,’ आई म्हणाली. ‘पयलापाईन. काही सोडू नको. तुले सवय व्हवाले पाहिजे.’

मी पुन्हा पाटावर बसले आणि पहिल्यापासून सांगायला लागले.